उद्दिष्टे (वेळ असल्यास)

गुणवंत साबळे हे आमच्या ओळखीतले एकमेव कम्युनिस्ट. ते शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एसीच्या पत्र्याच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. बावीस वर्षं एकाच स्टोअरमध्ये. स्लिप आणल्याशिवाय त्यांनी आजवर कोणाला एक स्क्रू दिलेला नाही. एकदा खुद्द मालक पाना मागायला आला, तर गुणवंतरावांनी त्याच्यापुढे स्लिपचं पुस्तक सरकवलं. मालक म्हणाला, "हबीबी, कंपनी माझी आहे." गुणवंतराव म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, तुम्हीच पद्धत मोडली तर बाकीचे काय करतील?" मालकाने मुकाट्याने स्लिप लिहिली. खाली सही करायची राहिली म्हणून ती परतही आली.

त्याआधी ते सोलापूरला विडी कामगारांच्या लाल बावट्याच्या एका युनियनच्या ऑफिसात होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आत शिरले, कारण, त्यांच्याच शब्दांत, "आमच्या अख्ख्या गल्लीत फॅन फक्त तिथं होता." फॅनखाली बसता बसता पुढाऱ्यांची भाषणं कानावर पडली, आणि उठून यायचं राहूनच गेलं. सतरंज्या घालायच्या, चहा सांगायचा, इतिवृत्त लिहायचं आणि सभेच्या शेवटी आभार मानायचे, ही त्यांची कामं. अठरा वर्षांत भाषण म्हणून त्यांच्या वाट्याला जे आलं ते आभारप्रदर्शन. ते सुरू व्हायचं तेव्हा लोक चपला शोधत असायचे. एका सभेत तर समोर फक्त मांडववाला उरला होता. तोही म्हणाला, "माझं नाव लवकर घ्या, मला वायर गुंडाळायचीय."

युनियन तीनदा फुटली. तिसऱ्या फुटीत सतरंज्या एका गटाकडे गेल्या, फॅन दुसऱ्याकडे गेला आणि गुणवंतराव गल्फमध्ये आले.

इथे आल्यावर आमच्या मराठी मंडळाने त्यांना हेरलं. गणपती असो, कोजागिरी असो, हळदीकुंकू असो, शेवटी माइकवर गुणवंतराव असणारच. इथले लोक चपला शोधत नाहीत, गाडीच्या किल्ल्या शोधतात. फरक तेवढाच.

आता पक्षाच्या स्थापनेकडे येतो.

माझी मुलगी इरा आठवीत आहे. तिच्या वर्गाने एका सोमवारी सकाळी आठ दहाला एक नवं राष्ट्र स्थापन केलं. नाव अझूरलँड. झेंड्यावर डॉल्फिन. समाजशास्त्राचा प्रकल्प होता. वर्गाचे चार गट करायचे, चार गटांनी चार पक्ष काढायचे, चिठ्ठीत येईल तो. प्रत्येकाने स्टेजवर आपल्या पक्षाची स्थापना करून उद्दिष्टं सांगायची आणि मग आठवीच्या बाकी तुकड्यांनी मत द्यायचं. इराला हरित पक्ष हवा होता, कारण त्यात पानं चिकटवता येतात. तिच्या चिठ्ठीत कम्युनिस्ट पक्ष निघाला.

घरी येऊन ती सोफ्यावर पालथी पडली. "बाबा, आय अ‍ॅम फिनिश्ड."

तिचं दुःख मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी ती मॉनिटरच्या निवडणुकीला उभी राहिली आणि तिला दोन मतं पडली. एक तिचं स्वतःचं, दुसरं नबिलाचं. नबिलाने तर नंतर कबूल केलं की तिला वाटलं ही सहलीसाठी हात वर करणाऱ्यांची मोजणी आहे. यंदा पुन्हा हसं झालं तर शाळा बदलायची, असं इराने आईला बजावून ठेवलं होतं.

शिवाय नियम कडक होता. प्रज्ञा मॅडमनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: वेळ बारा मिनिटं. त्याखालच्या ओळीत: शेवटची घंटा वाजण्यापूर्वी ज्या पक्षाची स्थापना झालेली नसेल, तो मतदानातून बाद. आणि कंप्यूटरला विचारायचं नाही, एखाद्या खऱ्या माणसाला विचारायचं.

"खरा माणूस कुठून आणू?" इरा म्हणाली.

मी आणि माझी बायको सुनेत्रा, दोघांच्या तोंडून एकदमच नाव निघालं.

मी फोन केला. पलीकडे पत्रा कापल्याचा आवाज होता. मी म्हटलं, "गुणवंतराव, इराला कम्युनिस्ट पक्ष स्थापन करायचाय." आवाज थांबला. इथे राजकीय पक्षांना बंदी, त्यामुळे मग अगदी हळू विचारणा झाली, "साहेब, हे फोनवर बोलायचं का?"

त्यांना समजावलं की राष्ट्र काल्पनिक आहे, वर्ग आठवीचा आहे आणि झेंड्यावर डॉल्फिन आहे. डॉल्फिन ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी पुढचे दोन आठवडे ते त्याला 'आपला तो विषय' असंच म्हणत होते.

"साहेब, एक सांगू का?" ते म्हणाले. "पक्ष फुटतो कसा ते मला झोपेत विचारा. तीनदा बघितलाय. पण स्थापन होताना एकदाबी बघितला नाही. मी गेलो तेव्हा तो झालेलाच होता. येतो मी. रविवारी."

रविवारी ते शारजाहून बस, मग मेट्रो असं करत दोन तासांनी दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला आमच्या घरी पोचले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि काखेत लाल कापडी बांधणीची इतिवृत्ताची वही. हॉलमध्ये इरा, नबिला, नीरव आणि मिहिका असा सगळा पक्ष जमिनीवर पिझ्झा खात बसला होता.

"यल्ला, सभेला सुरुवात करू या," गुणवंतराव म्हणाले. "अध्यक्ष कोण?"

चौघांनी हात वर केले.

"मतदान घ्या."

मतदान झालं. चौघांना एकेक मत.

गुणवंतरावांचे डोळे भरून आले. "अगदी आमच्यासारखंच की हो!"

शेवटी पदं त्यांनीच वाटली. नीरवचा आवाज मोठा, तो अध्यक्ष. मिहिकाने त्याचं नाव सुचवायचं, नबिलाने अनुमोदन द्यायचं. इराच्या वाट्याला आभार आले.

"व्हॉट इज आभार?" तिने मला विचारलं. मी सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. "बट दॅट्स द लास्ट थिंग! नोबडी लिसन्स!"

"व्हय," गुणवंतराव म्हणाले. "म्हणूनच शहाणं माणूस लागतं तिथं. बघ पोरी, भाषणाला घंटा मारतात. आभाराला कोणी मारत नाही. ज्याचं नाव यायचंय तो मारू देत नाही. मी एवढी वर्षं आभार मानले, मला आजवर कोणी 'आवरा' म्हटलं नाही. उठून गेले, ती गोष्ट निराळी."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत काम कोण कोण करतं?"

"टीचर्स," नीरव म्हणाला.

"आणखी?"

"बसवाल्या आंटी. कॅन्टीनवाले अंकल. आणि तो ग्राउंडवाला."

"नावं?"

"आंटीच म्हणतो आम्ही," मिहिका म्हणाली.

"नाव नाही तर स्लिप नाही," गुणवंतराव म्हणाले. "उद्या जाऊन नावं विचारा. किती वाजता उठतात, किती वाजता घरी जातात, तेही विचारा. ज्यांच्यासाठी पक्ष काढायचा त्यांचं नाव ठाऊक नसलं तर मग तो पक्ष कसला, केटरिंग झालं!"

हे सगळं मला फार आवडलं. मग त्यांनी कार्यक्रमपत्रिका लिहून माझ्या हातात दिली. स्वागत. अध्यक्षपदाची सूचना. सूचनेस अनुमोदन. अध्यक्ष स्थानापन्न. अध्यक्षांचा सत्कार, शाल व श्रीफळ. प्रास्ताविक. शुभेच्छा-संदेशांचं वाचन. दिवंगतांना श्रद्धांजली. अध्यक्षीय भाषण. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात: पक्षाची उद्दिष्टे (वेळ असल्यास).

"गुणवंतराव," मी म्हणालो, "उद्दिष्टं वेळ असल्यास?"

"वेळ असतो की, साहेब."

"तुमच्या सभांमध्ये किती वेळा पोचली सभा उद्दिष्टांपर्यंत?"

त्यांनी छताकडे बघून हिशेब केला. "एकदा. ब्याण्णव साली. पण मग लाइट गेली."

"आणि श्रद्धांजली कोणाला? राष्ट्र सहा दिवसांचं आहे!"

"सहा दिवसांत एवढ्या मोठ्या राष्ट्रात कोणीच गेलं नसेल का?"

मिहिकाने हात वर केला. "अवर क्लास फिश डाइड ऑन थर्सडे."

"बघा!" गुणवंतराव म्हणाले. "नाव काय होतं?"

"नेमो टू."

"कॉम्रेड नेमो टू," असं म्हणत त्यांनी वहीत नोंद केली.

मी घड्याळ लावून तालीम घेतली. एकोणीस मिनिटं. उद्दिष्टं आणि आभार धरलेच नव्हते. मी म्हटलं सत्कार काढा, संदेश काढा, मासा तर काढाच. गुणवंतराव दुखावले. "सूचक आहे आणि अनुमोदक नाही, असा पक्ष बोगस असतो, साहेब. श्रद्धांजली काढली तर माशाच्या घरचे काय म्हणतील?" आणि आश्चर्य म्हणजे मुलं त्यांच्या बाजूने गेली. शाल घालणं, नारळ देणं, एकीने उठून सुचवणं आणि दुसरीने उठून "आय सपोर्ट" म्हणणं, याची त्यांना भलतीच गोडी लागली. नबिला तर दुसऱ्या दिवसापासून घरी जेवायलाही अनुमोदन देऊ लागली. तिच्या आईचा सुनेत्राला फोन आला. शुक्रवारपर्यंत मुलांनी एकही बाब गाळली नाही, फक्त सगळं भरभर उरकून वेळ अकरा मिनिटांवर आणला.

जाता जाता गुणवंतरावांनी शाळेचा नियमांचा कागद मागितला, चष्मा पुसून दोनदा वाचला आणि एका ओळीखाली पेनने रेघ मारली. का, ते सांगितलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

कार्यक्रम शुक्रवारी सकाळी होता. गुणवंतरावांनी सुट्टीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे 'पक्षस्थापना' लिहिलं होतं. पाठवण्याआधी फोटो मला पाठवला, हे देवाचे उपकार. मी 'फॅमिली फंक्शन' लिहायला लावलं. येताना ते स्वतःच्या पैशांनी शाल घेऊन आले. "पस्तीस दिरहम," ते म्हणाले, आणि लगेच पुटपुटले, "म्हणजे आठशे रुपये. सोलापुरात चादर आली असती, तीबी डबल."

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पहिला आला 'हॅपीनेस पक्ष'. पडद्यावर चित्रं, गाणं, सगळ्यांना फुकट वाय-फाय आणि शुक्रवारी गृहपाठ नाही. सहा मिनिटांत खलास. टाळ्यांचा कडकडाट. गुणवंतराव माझ्या कानात म्हणाले, "यांचा अध्यक्ष कोणी सुचवला? कोणीच नाही! बेकायदा आहे सगळं."

मग आमचा पक्ष आला.

स्वागत झालं. मिहिकाने सूचना मांडली. नबिलाने अनुमोदन दिलं आणि कोणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा दिलं. नीरव स्थानापन्न झाला. शाल घालताना ती माइकच्या वायरीत अडकली, ती सोडवण्यात पाऊण मिनिट गेलं. नारळ हातात घेऊन नीरवने प्रास्ताविक वाचलं. संदेश आले होते ते वाचले, त्यात सोलापूरहून गुणवंतरावांच्या बायकोचा एक होता. आणि मग मिहिका म्हणाली, "वुइ विल नाऊ स्टँड फॉर कॉम्रेड नेमो टू."

प्राचार्य उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून सगळा हॉल उभा राहिला. एवढा मोठा हॉल, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं दहा सेकंदांत उरकतील. पण मुलांना श्रद्धांजली गुणवंतरावांनी शिकवली होती. पूर्ण दोन मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होतो आणि गुणवंतराव मान खाली घालून माशाच्या आत्म्याला शांती चिंतत होते.

नीरवचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं. त्याला आपला आवाज आवडला असावा. अखेर त्याने कागद उलटला आणि म्हणाला, "एम्स ऑफ द पार्टी. नंबर वन..."

टिंग! इशाऱ्याची घंटा. शेवटचं एक मिनिट.

नीरव गडबडला. हातातला नारळ सुटला आणि गडगडत स्टेजवरून खाली पडला. त्याच्यामागे नबिला धावली. हॉलमध्ये हशा पिकला. इरा स्टेजच्या एका टोकाला उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. ते दोन मतांचं तोंड मी ओळखलं. सुनेत्राने माझा हात घट्ट धरला.

शेजारून एक आवाज घुमला. मांडववाल्यालाही वायर गुंडाळू न देणारा आवाज.

"आभार!"

गुणवंतराव उभे होते. इराने त्यांच्याकडे पाहिलं, माइक ओढला आणि सुरू झाली. बोलत होती इंग्रजीत, पण वाक्यांची चाल अस्सल सोलापूरची.

"आमच्या बसमधल्या रंजिता आंटी. त्या रोज पहाटे चार वाजता उठतात, म्हणून आपण झोपेत बसमध्ये चढलो तरी पोचतो. त्यांचे आभार. आमच्या राष्ट्रात कोणीही दुसऱ्याच्या झोपेसाठी स्वतःची झोप मोडणार नाही. कॅन्टीनचे मधू अंकल. ते चारशे सँडविच करतात आणि स्वतः तीन वाजता उभ्याने जेवतात. त्यांचे आभार. आमच्या राष्ट्रात जो जेवण करतो तो आधी जेवेल, आणि बसून. ग्राउंडचे रामेश्वर भैया. ते उन्हात रेघा आखतात आणि आपण खेळता खेळता पायाने पुसतो. त्यांचे आभार. आमच्या राष्ट्रात ज्याने रेघ पुसली त्याने ती आखायची."

बारा मिनिटं केव्हाच संपली होती. प्रज्ञा मॅडमनी घंटेचा दांडा उचलला.

"आणि प्रज्ञा मॅडम," इरा म्हणाली.

दांडा हवेतच थांबला.

"त्या शनिवारी घरी बसून आमच्या वह्या तपासतात. त्यांचे आभार. आमच्या राष्ट्रात शनिवार हा मॅडमचासुद्धा असेल. एवढ्या सगळ्यासाठी आम्ही हा पक्ष स्थापन करतो. अनुमोदन?"

नबिला नारळ घेऊन स्टेजखाली होती. पण दाराशी कपांचा ट्रे घेऊन मधू अंकल उभे होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला.

आता मॅडमनी घंटा वाजवली.

हॅपीनेस पक्षाचा अध्यक्ष ताडकन उठला. "मॅम, दॅट वॉज थर्टीन मिनिट्स! दे आर आउट!"

"पॉइंट ऑफ ऑर्डर!" गुणवंतरावांनी खिशातून कागद काढला आणि घडी उलगडली. "इथं लिहिलंय, शेवटची घंटा वाजण्यापूर्वी. घंटा नंतर वाजली. स्थापना आधी झाली. बाद करायच्या ओळीत घड्याळाचा उल्लेख नाही, साहेब."

प्राचार्यांनी कागद मागवला. रेघ मारलेली ओळ वाचली. हसू दाबत ते म्हणाले, "पार्टी इज फाउंडेड."

उरलेले दोन पक्ष उरकल्यावर मतदानात फुकट वाय-फाय जिंकलं. पंधरा मतं. आमच्या पक्षाला अकरा. इरा "इलेव्हन! इलेव्हन!" करत नाचत आली. गेल्या वर्षीच्या मानाने साडेपाच पट, असं तिने गाडीच्या दारापर्यंत सहा वेळा सांगितलं. गुणवंतराव घरी जायला मेट्रोकडे वळत होते. शारजाला सोडतो म्हणत मी त्यांना ओढून गाडीत पुढच्या सीटवर बसवलं.

गाडी निघाली तोच मागे इराचा फोन टिणटिणला. पक्षाच्या ग्रुपवर नीरवचा मेसेज होता. नारळ आणि शाल अध्यक्षाची की पक्षाची, यावरून तो आणि मिहिका बाहेर पडले होते. नव्या पक्षाचं नाव 'कम्युनिस्ट पार्टी ऑफ अझूरलँड (ओरिजिनल)'.

मला वाईट वाटलं. गुणवंतराव मात्र सीटवर सैलावले. "आता खरा झाला पक्ष," ते म्हणाले. "इराच्या दप्तरातली शाल तुमच्याकडेच ठेवा, साहेब. सतरंज्या मी जाऊ दिल्या, तिथंच चुकलो होतो."

मग एकाएकी मागून हुंदका आला. सुनेत्राने वळून पाहिलं. इरा रडत होती.

"आय फर्गॉट युवर नेम, अंकल," ती म्हणाली. "सगळ्यांना थँक्स केलं. तुम्हाला नाही केलं."

"अगं, आभार मानणाऱ्याचं नाव आभारात नसतं," गुणवंतराव म्हणाले. "तशी पद्धतच नाही. माझं कधी आलं नाही."

इराने डोळे पुसले. सीटबेल्टमध्येच जमेल तेवढी ताठ बसली आणि मराठीत म्हणाली, "मी सूचना मांडते की आजच्या सभेचं मुख्य भाषण श्री. गुणवंत साबळे यांनी करावं."

"माझं अनुमोदन आहे," सुनेत्रा म्हणाली.

गुणवंतरावांनी वही उघडली. "हजर चार," ते पुटपुटत लिहू लागले. "स्थळ, गाडी." मग पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"दोन शब्द बोलू का, साहेब? म्हणजे, वेळ असल्यास."

पुढे शारजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शुक्रवार दुपारची गर्दी लागली होती. नजर पोचेल तिथपर्यंत गाड्यांचे लाल दिवे. नकाशात एक तास पन्नास मिनिटं दाखवत होतं. दारं बंद होती, एसी चालू होता, आणि कोणालाही उठून जाता येत नव्हतं.

"वेळच वेळ आहे," मी म्हणालो.

गुणवंतरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली, समोरच्या ट्रककडे बघत दोन्ही हात जोडले, आणि चाळीस वर्षं थांबलेलं भाषण पहिल्या वाक्यापासून सुरू केलं.